पैठणीचा मोर हलवताना

पत्रिका, फ्लेक्स करणारा हात मोशनमध्ये, म्हणजे हलत्या चित्रांत, उतरला की चित्र देखणं असतं, पण चाल लाकडी. चित्रात आपण जागा वाटतो, मोशनमध्ये वेळ वाटावा लागतो. तो हात वेगळा बसवावा लागतो.

पैठणच्या साडीदुकानासाठी ६ सेकंदांचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस करायचंय असं धरू. पैठणीवरची नक्षी, म्हणजे बांगडीतला मोर आणि आसावलीची फुलवेल, खाली दुकानाचं नाव. माप १०८० × १९२० पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकूण १५० फ्रेम. आधी कागदावर पट्टी आखा: ४० फ्रेमपर्यंत वेल, ८० पर्यंत मोर, ९५ पर्यंत नाव, आणि शेवटच्या ५५ फ्रेम नाव स्थिर. नाव दोनदा मोठ्याने वाचून होत नसेल, तर मोराच्या फ्रेम कापा, नावाच्या नको.

इलस्ट्रेटर या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मान, धड, पिसारा, बांगडी वेगळ्या लेयरवर ठेवा. मानेचं मूळ धडाखाली थोडं वाढवून काढा, नाहीतर मान वळताच फट दिसते. मग ते हलवायला आफ्टर इफेक्ट्समध्ये घ्या. तिथे अँकर पॉइंट, म्हणजे लेयर ज्या बिंदूभोवती फिरतो तो, लेयरच्या मध्यावर असेल, तर मान धडापासून सुटून फिरते. तो मानेच्या मुळाशी न्या.

मान १२ फ्रेममध्ये १५ अंश वळवा, ३ अंश पुढे जाऊ द्या, पुढच्या ६ फ्रेममध्ये मागे आणा. पिसारा ३ फ्रेम उशिरा निघू द्या. सगळं एकाच फ्रेमला सुरू झालं की मोर पुठ्ठ्याचा वाटतो. नागपंचमीचा झोका आठवा: टोकाला मंदावतो, मध्ये भरधाव. कीफ्रेम, म्हणजे हालचालीची सुरुवात-शेवट ठरवणाऱ्या खुणा, निवडून एफ९ दाबलं की ती चाल येते, पण प्रत्येक कीफ्रेमला तोच एफ९ ठोकला तर सगळ्या हालचाली एकसुरी होतात. वेगाचा आलेख दाखवणारा ग्राफ एडिटर उघडून मान झपकन आणि पिसारा संथ, असे वेगळे वक्र द्या.

खरी परीक्षा देवनागरीची. ‘प्रतिष्ठान’ हे पैठणचं जुनं नाव टाइप करून बघा. ऱ्हस्व वेलांटी ‘त’च्या उजवीकडे सरकली, ‘ष्ठ’ फुटला, तर आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्तीत प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्ये जाऊन साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न निवडा आणि मजकूर नव्याने टाइप करा. श्रीलिपीसारख्या युनिकोडआधीच्या फाँटातला जुना मजकूर युनिकोड फाँटात पेस्ट केला की अगम्य अक्षरं येतात, तोही पुन्हा टाइप करावा लागतो.

इंग्रजीसारखं एकेक अक्षर उडवत आणू नका. शिरोरेघ तुटते, मात्रा मागे राहतात. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं तरी रेघ तुटते. त्यापेक्षा शिरोरेघेची वेगळी स्ट्रोक घ्या, रेघ हळूहळू उमटवणाऱ्या ट्रिम पाथने ८ फ्रेममध्ये डावीकडून ओढा आणि मास्क, म्हणजे अक्षरं झाकणारी चौकट, खाली सरकवत पुढच्या ७ फ्रेममध्ये अक्षरं तिच्यातून उतरवा. मराठी डोळ्याला हे आपसूक पटतं, कारण अक्षर रेघेलाच लटकलेलं असतं.

जरीच्या १ पिक्सेलच्या रेषा हलताना लुकलुकतात, त्या ३ पिक्सेलच्या करा. एच २६४ एमपी४ व्हिडिओ काढा, स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि आवाज बंद ठेवून उन्हात उभं राहून बघा. नाव वाचता आलं नाही, तर पट्टीकडे परत.