मध्यवस्तीतील रस्त्याचा इतिहास कसा शोधावा: मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्याच्या आधारे

शहराच्या मध्यवस्तीतील एखाद्या रस्त्याचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक जण नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, कारण नाव हा रस्त्याचा सर्वांत अस्थिर भाग असतो. त्याऐवजी आधी मनाशी एक गोष्ट पक्की करावी, ती ही की रस्त्याला एकच जन्मसाल नसते. त्याची वाट, त्याची रुंदी, त्याच्या कडेच्या इमारती आणि त्याचे नाव या चार गोष्टी निरनिराळ्या काळात घडलेल्या असतात आणि प्रत्येकीचे साल स्वतंत्रपणे शोधावे लागते. मुंबईच्या फोर्ट भागातील दादाभाई नौरोजी रस्ता, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला डी. एन. रोड, या पद्धतीने पाहिला तर ती सहज समजते.

प्रथम रस्ता टोकापासून टोकापर्यंत पायी चालावा, शक्यतो रविवारी सकाळी, दुकाने बंद असताना. महात्मा फुले मंडईपासून निघून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हुतात्मा चौकापर्यंतचे हे अंतर सुमारे दीड किलोमीटर आहे. चालताना वर पाहावे. दुकानांच्या पाट्यांमुळे तळमजला ओळखू येत नाही, परंतु वरच्या मजल्यांवरचे कोरीवकाम, छताजवळ कोरलेली सालाची अक्षरे आणि मूळ मालकाचे किंवा पेढीचे नाव अनेकदा शाबूत असते. जे दिसेल ते त्याच जागी उभे राहून टिपून घ्यावे व प्रत्येक इमारतीचे छायाचित्र समोरच्या पदपथावरून काढावे, म्हणजे पुढे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहता येते.

त्यानंतर वाट इथेच का आहे, हा प्रश्न घ्यावा. उत्तर जवळजवळ नेहमी जुन्या नकाशात सापडते. मुंबईच्या या भागाभोवती इंग्रजांच्या काळात तटबंदी होती आणि तिला अपोलो, चर्चगेट व बाजारगेट असे तीन दरवाजे होते. कोटाच्या आत हॉर्नबी रो नावाचा एक साधा रस्ता होता. 1862 ते 1867 या काळात गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला, जागा मोकळी झाली आणि त्या रस्त्याचे रुंद राजमार्गात रूपांतर झाले. दक्षिण टोकाचे, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकातले, फ्लोरा फाउंटन 1864 चे असून ते चर्चगेट दरवाजाच्या परिसरात उभे आहे. म्हणून तट असतानाचा एक नकाशा आणि तट गेल्यानंतरचा एक नकाशा शेजारी ठेवावा. दुसऱ्यासाठी 1872 मध्ये पूर्ण झालेली लॉटन यांची शहरमोजणी अतिशय उपयोगी पडते. तट पडत असतानाच्या काळाचे मराठी वर्णन हवे असेल, तर गोविंद नारायण माडगावकर यांचे 1863 मध्ये प्रसिद्ध झालेले 'मुंबईचे वर्णन' वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्या उलथापालथीच्या ऐन मध्यावर, मराठीत आणि इतक्या बारकाईने कोणी शहराविषयी लिहून ठेवले आहे, हे मराठी अभ्यासकाचे मोठे भाग्य आहे.

इमारतींचा भाग सर्वांत समृद्ध असल्यामुळे त्यासाठी भरपूर वेळ राखून ठेवावा. मोठ्या सार्वजनिक वास्तूंची साले मिळवणे सोपे असते: विल्यम इमर्सन यांच्या आराखड्यानुसार बांधलेली क्रॉफर्ड मार्केटची, म्हणजे आजच्या फुले मंडईची इमारत 1869 ची, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या रेल्वे स्थानकाचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे बांधकाम 1878 मध्ये सुरू होऊन 1888 मध्ये पूर्ण झाले. आणि त्यांचीच महापालिका इमारत 1893 ची. पण या रस्त्याचे खरे वैशिष्ट्य स्थानकापासून दक्षिणेकडे चालताना जाणवते. इमारतींच्या शैली एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत, कुठे गॉथिक वळण, कुठे युरोपीय अभिजात खांब, तर वाच्छा अग्यारीच्या, म्हणजे पारशी अग्निमंदिराच्या, दर्शनी भागावर प्राचीन इराणच्या शिल्पांची आठवण करून देणारे कोरीवकाम. तरीही तळाशी कमानींची ओळ सलग चालू राहते आणि पादचारी ऊनपावसापासून सुरक्षित राहतो. हे योगायोगाने घडलेले नाही. 1896 च्या नियमाने या रस्त्यावरील इमारतींना अशा कमानदार ओसऱ्या ठेवणे बंधनकारक केले होते. यावरून शिकण्यासारखे असे की एकसारखेपणा दिसला की त्यामागचा नियम शोधावा, नुसत्या वास्तुशैलीच्या चर्चेत वेळ घालवू नये.

नावाकडे आता वळावे. या रस्त्याचे जुने नाव हॉर्नबी रोड. ते ज्याच्यावरून पडले तो विल्यम हॉर्नबी 1771 ते 1784 या काळात मुंबईचा गव्हर्नर होता, म्हणजे त्याचे नाव आज दिसणाऱ्या रुंद रस्त्याहून जवळजवळ शतकभर जुन्या काळातले आहे. दादाभाईंचे नाव त्या मानाने अलीकडचे, आणि हुतात्मा चौक या नावामागे तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील बलिदान आहे. जुन्या कागदांत शोध घेताना याचे भान ठेवावेच लागते. 1909-10 च्या मुंबईच्या गॅझेटियरमध्ये 'दादाभाई नौरोजी रस्ता' शोधला, तर हाती काहीही लागणार नाही. तिथे हॉर्नबी रोडच पाहावा लागतो. नावांचा उगम तपासण्यासाठी शेपर्ड यांचा 1917 चा मुंबईतील स्थळनामांवरील ग्रंथ आधारभूत आहे.

घरक्रमांकांवरही विसंबू नये, कारण ते बदलत राहतात. एका विशिष्ट इमारतीचा मागोवा घ्यायचा असल्यास तिचा सी. एस. नंबर, म्हणजे तिच्या जमिनीचा भूमापन क्रमांक, मिळवावा आणि त्यावरून मालमत्ता पत्रक पाहावे. जमिनीचा तुकडा नावांपेक्षा व क्रमांकांपेक्षा अधिक भरवशाचा असतो. जुने सरकारी कागद एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात आणि जुने ग्रंथ टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीत पाहता येतात. जाण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून न्यावा: "ही इमारत कोणत्या सालापासून कोणाच्या मालकीची?" अशा नेमक्या प्रश्नाला कर्मचारी मनापासून मदत करतात, तर "या रस्त्याची सगळी माहिती हवी" असे म्हणणाऱ्याला ते काय काढून देणार?

जुन्या दुकानदारांशी आणि रहिवाशांशी आवर्जून बोलावे. ट्रामची आठवण सांगणारी माणसे अजून भेटू शकतात, कारण मुंबईची ट्राम 1964 मध्ये बंद झाली. मात्र आठवणीतली साले कागदाशी पडताळल्याशिवाय लिहू नयेत, आणि न पडताळलेली गोष्ट लिहायचीच असेल तर ती कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, हे त्याच वाक्यात स्पष्ट करावे.

शेवटी मजकूर मांडताना वाट, रुंदी, इमारती आणि नाव यांच्या सालांचे चार वेगळे रकाने करावेत. प्रत्येक सालासमोर ते नकाशातून, कागदातून, कोरीव लेखातून की बोलण्यातून मिळाले, याची नोंद करावी, आणि ज्या रकान्यात एकच पुरावा असेल तिथून पुढचे काम सुरू करावे.