टोमॅटोची रोपं घरात करून गच्चीत कशी लावायची

पावसात गच्चीवर बी टाकलं की एकतर वाहून जातं नाहीतर कुजतं, म्हणून मी ऑगस्टअखेर घरातच खिडकीशी रोपं करते. चहाचे कागदी कप घ्यायचे, बुडाला दाभणाने ३-४ भोकं पाडायची, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत भरायचं, बी अर्धा सेंमी खोल. आठवडाभरात उगवतं. आणि उगवलं रे उगवलं की भरपूर उजेड हवा, नाहीतर रोप काडीसारखं लांबुळकं होऊन मान टाकतं. पाणी बेतानंच, सतत ओल राहिली की बुडाशी खोड काळं पडून रोप आडवं होतं, गेल्या वर्षी माझा अख्खा ट्रे असाच गेला.

२५-३० दिवसांनी ४-५ खरी पानं (उगवताना येणारी पहिली दोन धरायची नाहीत) आली की बाहेर काढायचं, पण एकदम कडक उन्हात नको हं! पहिल्या दिवशी तासभर सकाळचं ऊन, मग आठवडाभर रोज थोडं थोडं वाढवायचं. मी एकदा घाई केली, ऑक्टोबरचं ऊन ते, दुपारपर्यंत पानं कागदासारखी पांढरी. लावायचं संध्याकाळी, खालची पानं खुडून अर्धं खोड मातीत गाडायचं, त्यालाही मुळं फुटतात. काठी तेव्हाच रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात.