स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला खुर्चीतून उठवून चालते कसे करावे

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला रोज चालवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण जो माणूस सकाळपासून खुर्चीत बसून आहे आणि उठायलाच तयार नाही, त्याला उठवायचे कसे, हे त्यांतले फार थोडे सांगतात.

डॉक्टरांचा सल्ला, टाच झाकणाऱ्या चपला आणि खिशात नाव-फोनाची चिठ्ठी ही तयारी मी गृहीत धरते. वेळ शक्यतो सकाळची असावी, कारण अनेक रुग्णांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते.

"फिरायला जायचे का?" असे कधीही विचारू नये. या आजारात आपणहून काही सुरू करण्याची प्रेरणाच मंदावते, त्यामुळे उत्तर बहुधा "नको" असेच येते आणि घरचे त्याला हट्ट समजतात. तो हट्ट नव्हे. टीव्ही बंद करावा, समोरून यावे, डोळ्यांच्या पातळीवर बसावे आणि कामासाठी बोलवावे: "आई, जास्वंद फुलली आहे, देवाला फुले काढू या." परडी नुसती दाखवावी, हातात द्यायची ती उभे राहिल्यावरच, कारण उठताना दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर हवेत. वर्षानुवर्षांच्या सवयी ताज्या आठवणींपेक्षा जास्त टिकतात, म्हणूनच व्यायामाला नकार देणारी माणसे आरतीला मात्र उभी राहतात.

मग एका वेळी एकच सूचना द्यावी: "पुढे सरक." ती पूर्ण होईपर्यंत गप्प राहावे, कारण उलगडा व्हायला वेळ लागतो आणि मध्येच दुसरे वाक्य टाकले की पहिलेही हरवते. त्यानंतर "पाय मागे घे", "पुढे वाक", "ऊठ". दोघांनी एकदम बोलू नये. काखेत हात घालून किंवा दंड धरून ओढणे मला अजिबात मान्य नाही. त्याने खांदा दुखावतो आणि घाबरलेला माणूस उलट मागे रेलतो. नकारच आला, तर वाद न घालता पंधरा मिनिटांनी पुन्हा यावे. तोवर नकार बहुधा विसरलेला असतो.

उभे राहिल्यावर क्षणभर थांबावे, कारण रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. स्मृतिभ्रंशाच्या ‘ल्युई बॉडी’ नावाच्या प्रकारात हे विशेष जपावे.

पुढचे चालणे सोपे आहे: दहा-दहा मिनिटे, त्यांच्या वेगाने. गडद पायपुसणे त्यांना खड्ड्यासारखे भासू शकते, ते उचलावे. छातीत दुखले किंवा दम लागला, तर लगेच बसवावे.

रोज चालणारा माणूस अचानक नाही म्हणू लागला, तर आजार वाढला असे परस्पर ठरवू नये. दुखणे त्याला सांगता येत नसेल. पायाची नखे, तळवे, बद्धकोष्ठता पाहावी आणि लघवीच्या संसर्गाची शंका आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.