घर सोडण्याआधीचा बेत

घरात मार खाणाऱ्या बाईला ‘आजच्या आज निघून ये’ असे सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण घर सोडण्याचा काळच अनेकदा सर्वांत धोक्याचा ठरतो, कारण हिच्यावरचा ताबा सुटतो आहे हे मारणाऱ्याच्या तेव्हाच ध्यानात येते. म्हणून बेत आधी आखावा, गुप्त ठेवावा आणि निघण्याचा दिवस तिनेच ठरवावा.

ती तुमच्याकडे येईल तेव्हा कदाचित रडणारही नाही. शून्यात पाहील, घटनांचा क्रम चुकवेल, ‘मी ओरडले का नाही’ असे पुन्हा पुन्हा विचारेल. हे खोटेपणाचे लक्षण नव्हे. भीती टोकाला गेली की शरीर थिजते आणि आठवण तुकड्यातुकड्यांनी साठते. उलटतपासणी न करता पाणी द्यावे, दार दिसेल अशा जागी बसवावे, पाय जमिनीला टेकवून सावकाश श्वास सोडायला सांगावे आणि ‘यात तुझी चूक नाही’ हे स्पष्ट म्हणावे.

भांडण पेटू लागले की स्वयंपाकघर टाळून बाहेरच्या दाराजवळ यावे, आणि मुलांनी मध्ये न पडता शेजारी जावे, हे त्यांना आधीच शिकवावे. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, औषधे, थोडी रोकड असे सारे एका कापडी पिशवीत घालून विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवावे. ‘गिरणी चालू आहे का?’ असा साधा मेसेज खूण म्हणून ठरवावा. तो आला की शेजारणीने स्वतः आत न जाता 112 ला फोन करावा. नवरा फोन तपासत असेल, तर 181 या महिला हेल्पलाइनशी शेजारणीच्याच फोनवरून बोलावे.

गळा दाबला गेला असेल, तर वळ दिसत नसला तरी त्याच दिवशी पुण्यातल्या ससूनसारख्या रुग्णालयात जावे, कारण आतली सूज उशिरा जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना खरे कारण सांगावे आणि केसपेपर जपून ठेवावा.

घर नवऱ्याच्या नावावर असले, तरी तेवढ्यावरून तिला बाहेर काढता येत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला तिथे राहण्याचा हक्क दिला आहे. नवऱ्याला हिंसेपासून रोखणाऱ्या न्यायालयाच्या संरक्षण आदेशासाठी, याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. पुण्यात शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

घर सोडल्यावर मुलांना शाळेतून कोण नेणार, हे मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी कळवावे.