ग्रीसच्या युद्धकालीन नोटा घेताना आकड्यापेक्षा तारीख पाहावी

1941 ते 1944 या परकीय ताब्याच्या काळात ग्रीसमध्ये महागाई इतकी भडकली की, 3 नोव्हेंबर 1944 ही तारीख असलेल्या नोटेवर 100 अब्ज द्राख्मा (ग्रीसचे तेव्हाचे चलन), म्हणजे आपल्या जुन्या गणनेतला एक निखर्व, हे मूल्य छापावे लागले. आणि त्याच महिन्याच्या 11 तारखेला असे 50 अब्ज जुने द्राख्मा देऊन एक नवा द्राख्मा मिळू लागला. म्हणून नवख्या संग्राहकाने शून्यांच्या संख्येला भुलून जास्त पैसे मोजू नयेत. नोटेची किंमत तिची दुर्मिळता आणि कागदाची अवस्था यांवर ठरते.

माझ्या मते, नोटा तारखेच्या क्रमाने लावाव्यात, कारण मग उपासमार सोसलेल्या त्या देशाची घसरण पानापानावर दिसते. ग्रीसच्या आयोनियन बेटांवर ताबा असताना इटलीने त्या बेटांसाठी काढलेल्या नोटा मात्र वेगळ्या ठेवाव्यात; त्यांवर ‘इझोले योनिए’ (आयोनियन बेटे) असा इटालियन मजकूर असतो.

घडी पडलेली नोट इस्त्री करून सरळ करू नये, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात, दमट हवेपासून दूर, ती आडवी ठेवावी.