भूत शोधायला निघालात? आधी टेस्टर घ्या

मी वायरमन. पेठांतल्या जुन्या वाड्यांची वायरिंग करण्यात आयुष्य गेलं. "रात्री वरच्या खोलीत काहीतरी असतं हो" हे गिऱ्हाइकांकडून इतक्यांदा ऐकलं, की त्याचा छडा लावणं हाच छंद होऊन बसला. हल्ली कॉलेजची पोरं विचारतात, "काका, आम्हालाही पॅरानॉर्मल इन्व्हेस्टिगेशन करायचंय, सुरुवात कुठून करू?"

शनिवारवाड्यापासून करू नका. सगळ्यांना पौर्णिमेला तिथेच जायचं असतं. संध्याकाळनंतर आत सोडत नाहीत, आणि भिंतीवरून उडी मारलीत तर भुताआधी पोलीस भेटतील. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी झाला, हा इतिहास. 'काका, मला वाचवा' अजून ऐकू येतं, ही लोकांनी सांगितलेली गोष्ट. आतले महाल 1828 च्या आगीत गेले. उरली जोती आणि तटबंदी, आणि बाहेर शिवाजी रस्त्यावरचे हॉर्न. तिथे रेकॉर्डरवर काही आलंच, तर ते कुठून आलं हे सांगणार कोण? नवख्याने दारं-खिडक्या लावून घेता येतील अशी साधी खोली निवडावी, आणि मालकाची परवानगी लेखी घ्यावी.

सामान तापकीर गल्लीत मिळतं: टेस्टर, मल्टिमीटर, बरी बॅटरी. रंगीत दिवे लागणारे ते ईएमएफ मीटर, म्हणजे विजेमुळे तयार होणारं क्षेत्र मोजणारं यंत्र, आधी स्वतःच्या घरात फिरवून बघा. फ्रिजजवळ, मेन बोर्डाजवळ, खिशातल्या मोबाइलजवळ ते पेटतंच. जुन्या वायरिंगमध्ये फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) लांब लांब नेलेले असले तर भिंतभर पेटतं.

पहिली फेरी दिवसाउजेडी. ज्याला अनुभव आला त्याच्याशी एकट्याशी बोला. चौघांत बसवलं की सासूबाईंची गोष्ट सुनेच्या तोंडून बाहेर येते. वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे कानाने ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच, उजवीकडे त्यावरून त्यांना काय वाटलं ते. 'बाई किंचाळते' हे उजवीकडे. डावीकडे 'माळ्यावरून कर्कश, घोगरा आवाज, दोनदा, दिवेलागणीनंतर'. असं लिहिलंत की मग माळ्यावर चढून घुबडाच्या गोळ्या शोधायचं सुचतं. गव्हाणी घुबड हाडं आणि केस पचवत नाही, त्यांची काळपट गोळी ओकून टाकतं. खाली अशा गोळ्या पडलेल्या दिसल्या, की बाईचा पत्ता लागला.

मग न्हाणीघर. हे मी कधीच सोडत नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर असेल आणि घरच्यांना डोकेदुखी, गरगरणं, भास असं काही होत असेल, तर तपास-बिपास राहू द्या. गिझर बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि डॉक्टरांकडे पाठवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने माणसं मरतात.

बटण बंद असताना रात्री एलईडी बल्ब मिणमिणतो, ही तर नेहमीची तक्रार. होल्डरच्या पिनांना टेस्टर लावा. बटण बंद असूनही टेस्टर पेटला, तर बहुधा कोणीतरी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलंय. कधी बटणातला छोटा इंडिकेटरही हे करतो. बल्बला हात लावायचा तर मेन पाडूनच.

आवाजाच्या वेळा लिहून त्यांच्याशेजारी पाणी यायच्या वेळा लिहा. नळात साठलेली हवा पाण्याच्या रेट्याने बाहेर पडताना पाइप घुसमटल्यासारखे घुरघुरतात. छातीवर कोणी बसतं, हलता येत नाही, असं सांगणाऱ्याला झोपेचं विचारा: रात्रपाळी, जागरण, उताणं झोपणं. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. भीती खरी असते, तिला हसू नका.

एवढं झाल्यावर रात्र. दोघं-तिघं पुरे. फोन फ्लाइट मोडवर. रेकॉर्डिंग चालू असताना कोणी खोकला, पोट गुरगुरलं, खुर्ची सरकली, तर लगेच मोठ्याने बोला, "मी होतो." नाहीतर दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच पोटाला आत्मा म्हणत बसाल. फ्लॅशच्या फोटोतले पांढरे गोळे लेन्ससमोरची धूळ असते. वाड्यात ती कमी नाही.

घरात कोणाला 'लागलंय' म्हणून मारहाण किंवा उपाशी ठेवणं चालू दिसलं, तर पोलिसांना कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला आपल्याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. कायदा वटहुकमाने आला तो त्यानंतर. कोणी बाबा बोलावलेला असेल तर त्याच्याशी वाद घालत बसू नका.

निघताना तोंडी निकाल देऊ नका, घरचे तेवढंच धरून बसतात. वही नीट वाचून लिहून द्या. कारण सापडलं नसेल तर तसंच लिहा. वायर, नळ, माळा यांतलं दुरुस्त होण्यासारखं आधी दुरुस्त करून घ्या, आणि मग त्याच खोलीत आणखी एक रात्र बसा.