जपानी गेम आणि परदेशातून आलेला कन्सोल: रीजन लॉकच्या नादात या चुका टाळा

२०१५ साली मी पुण्यात जपानी शिकत होते. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी तोंडावर होती आणि पाठ्यपुस्तकातली संभाषणं वाचून कंटाळा आला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये निन्टेंडो ३डीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर ‘दाइ ग्याकुतेन साइबान’ हा गेम फक्त जपानमध्ये निघाला. मेजी काळातल्या (१८६८–१९१२) जपानमध्ये सुरू होऊन लंडनला पोचणारी कोर्टकचेरी, आणि वाचायला पानंच्या पानं संवाद. मला हवा होता तो अगदी तसाच गेम. ३डीएस घरात होताच, मामाने अमेरिकेहून आणलेला. ओसाकाहून परतणाऱ्या वर्गमैत्रिणीकडून गेमचं कार्ट्रिज (मशीनमध्ये घालायचं छोटं कार्ड) मागवलं, ती आल्या दिवशी तिच्या घरी जाऊन घेतलं, रिक्षातच मशीनमध्ये घातलं. गेम सुरूच झाला नाही. कार्ट्रिज चांगलं होतं, मशीनही चांगलं होतं. दोघं वेगवेगळ्या देशांचे होते, एवढंच. एका विभागाचा गेम दुसऱ्या विभागाच्या मशीनवर चालू न देणारं हे कुलूप म्हणजेच रीजन लॉक.

तेव्हापासून आतापर्यंत मला निदान वीसेक जणांनी विचारलं असेल, की जपानी गेम माझ्या मशीनवर चालेल का? पुण्यात जपानी शिकणारे खूप, आणि गेममधून वाचनाचा सराव करायची हौसही खूप. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्या कन्सोलला एकाच मापाने मोजणं

‘निन्टेंडो लॉक असतो, प्लेस्टेशन मोकळा असतो’ असं ठोकून सांगणारे भेटतात. ते अर्धंच खरं आहे. गेम बॉय, गेम बॉय अॅडव्हान्स आणि पहिला डीएस हे हँडहेल्ड मोकळे आहेत. ‘मदर ३’ हा २००६ चा गेम अधिकृतपणे जपानबाहेर कधी आलाच नाही, पण त्याचं जपानी कार्ट्रिज तुमच्या कुठल्याही गेम बॉय अॅडव्हान्सवर चालतं. डीएसच्याच पुढच्या मॉडेलपासून, डीएसआयपासून, कुलूप आलं, तेही अर्धवट: साधे डीएस गेम चालतात, डीएसआयसाठी खास बनवलेले किंवा सुधारलेले गेम अडतात. ३डीएस पूर्ण बंद. त्यात जपान, अमेरिका, युरोप-ऑस्ट्रेलिया, चीन, कोरिया आणि तैवान असे वेगवेगळे विभाग आहेत. घरच्या टीव्हीला जोडायचे गेमक्यूब, वी आणि वी यू हेही बंद. २०१७ चा स्विच मोकळा.

सोनीकडे पहिले दोन प्लेस्टेशन बंद, पीएसपी आणि त्यानंतरचे गेमपुरते मोकळे. पीएस३ वर २०१२ चा ‘पर्सोना ४ अरीना’ मात्र लॉक होता, म्हणजे मोकळ्या घरातही एखादी खोली बंद निघू शकते. एक्सबॉक्स ३६० मध्ये तर हा निर्णय गेम काढणाऱ्या कंपनीवरच सोडलेला होता, त्यामुळे तिथे प्रत्येक गेमची वेगळी चौकशी करावी लागते.

‘पोकेमॉन ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’चं उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. २०१० च्या या जपानी गेममध्ये मजकूर नुसत्या ‘काना’ या सोप्या जपानी लिपीत वाचायचा की ‘कांजी’ या चिनी मूळच्या अवघड अक्षरांसह, हे निवडता येतं. भाषा शिकणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार! पण हे कार्ट्रिज डीएसआयसाठी सुधारलेलं असल्याने अमेरिकेच्या किंवा युरोपच्या ३डीएसवर चालत नाही, आणि कपाटात धूळ खात पडलेल्या जुन्या डीएस लाइटवर बिनबोभाट चालतं. दरवेळी नवं मशीन हाच उपाय असतो असं नाही. जुनं काय काय घरात आहे ते आधी बघा.

खोक्यावर आणि विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबणं

सेकंडहँड ३डीएस घेताना सर्वांत जास्त फसगत इथे होते. विकणाऱ्याने मुद्दाम फसवलेलंच असतं असं नाही, त्यालाही पुष्कळदा माहीत नसतं. खोका एका मशीनचा, आत मशीन दुसरं. किंवा तुटलेलं कव्हर बदललेलं, आणि मागचा सिरीयल नंबरचा स्टिकर त्या कव्हरबरोबर आलेला. मी स्वतः ‘जपानी’ म्हणून घेतलेलं एक मशीन युरोपचं निघालं होतं.

खात्रीची खूण एकच. सिस्टम सेटिंग्ज उघडा. वरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात व्हर्जनचा नंबर दिसतो आणि त्याच्या शेवटी रोमन लिपीतलं एक अक्षर असतं. ‘जे’ म्हणजे जपान, ‘यू’ म्हणजे अमेरिका, ‘ई’ म्हणजे युरोप. ऑनलाइन घेत असाल तर याच स्क्रीनचा फोटो मागा. तो द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर व्यवहार करू नका. आणखी एक: जपानी ३डीएसचा मेन्यू फक्त जपानीतच असतो. फोटोत मेन्यू इंग्रजीत दिसला, तर ते मशीन मूळ जपानी अवस्थेत नाही हे तिथेच कळतं.

गेम उतरवून घेऊ, या भरवशावर मशीन घेणं

३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं. आधी विकत घेतलेलं पुन्हा उतरवता येतं, पण नव्याने काहीही विकत घेता येत नाही, अगदी गेमच्या जादा भागांसहित. एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळणंही थांबलं. आज जपानी ३डीएस घेणाऱ्याने कार्ट्रिजवरच अवलंबून राहायचं, आणि हवा असलेला गेम कार्ट्रिजवर निघाला होता का हे मशीनचे पैसे देण्याआधी तपासायचं. काही सुंदर छोटे गेम फक्त त्या दुकानातच होते. ते आता सरळ मार्गाने मिळत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कुलूप फोडण्याची घाई

इथे माझं मत ठाम आहे: जमत असेल तर त्या देशाचं दुसरं सेकंडहँड मशीन घ्या. अडॅप्टर, दुसऱ्या विभागाचे गेम चालवून देणाऱ्या फ्रीलोडरसारख्या डिस्क, सिस्टमचं सॉफ्टवेअर बदलणं हे सगळे मार्ग लोक वापरतात, पण ते पुढच्या अपडेटपर्यंत टिकतीलच असं नसतं. वीचा फ्रीलोडर असाच जून २००८ च्या ३.३ अपडेटने निकामी झाला. त्याहून वाईट प्रकार मॉडचिप (कुलूप चुकवण्यासाठी आत बसवलेली चिप) लावलेल्या वीचा. वीच्या डिस्कवरच सिस्टमची अपडेट असते. दुसऱ्या विभागाची डिस्क घातली आणि समोर आलेल्या अपडेटला ‘हो’ म्हटलं, की एका विभागाच्या मशीनमध्ये दुसऱ्या विभागाचे चॅनेल (वीच्या मेन्यूतले प्रोग्रॅम) येऊन बसतात आणि सेटिंग्ज उघडेनाशा होतात. चालू मशीन एका बटणाने अर्धमेलं होतं. कुणाला तरीही हा मार्ग घ्यायचाच असेल, तर निदान ज्या मशीनमध्ये वर्षानुवर्षांचे सेव्ह आहेत त्याच्यावर प्रयोग करू नका.

वीज आणि टीव्ही विसरणं

जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. जपानहून आलेला गेमक्यूब किंवा पीएस२ पिन बदलून थेट भिंतीत लावला तर धूर निघेल. विजेच्या अडॅप्टरवर छापलेला आकडा वाचा. ‘१००–२४०’ असेल तर नुसती पिन बदलून भागतं, फक्त ‘१००’ असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतोच. ३डीएसवाल्यांची इथे सोय आहे: डीएसआयपासून ३डीएसच्या सगळ्या मॉडेलपर्यंत चार्जरचं तोंड एकच आहे, त्यामुळे इथे चालणारा तुमचा जुना चार्जर जपानी मशीनलाही चालतो.

जुन्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलमध्ये चित्राचीही अडचण येते. जपान-अमेरिकेचं चित्र ६० हर्ट्झच्या एनटीएससी पद्धतीचं, आपलं ५० हर्ट्झच्या पाल पद्धतीचं. डब्बा टीव्हीवर चित्र काळंपांढरं आलं किंवा वरखाली सरकत राहिलं, तर कन्सोल बिघडलाय असं समजून दुरुस्तीला टाकू नका. आधी दुसऱ्या, नव्या टीव्हीवर लावून बघा.

मोकळ्या कन्सोलवरही गाफील राहणं

पीएस४ वर जपानी डिस्क चालते, पण तुमच्या भारतीय खात्यातून घेतलेला जादा भाग तिला जोडला जात नाही. डिस्क ज्या विभागाची, जादा भाग त्याच विभागाच्या दुकानातला लागतो. शिवाय चित्रपटांच्या डिस्कचं कुलूप वेगळंच असतं: डीव्हीडीसाठी भारत ५ व्या विभागात आणि जपान २ ऱ्या, ब्लू-रेसाठी भारत सी आणि जपान ए. गेम चालला म्हणून त्याच दुकानातून आणलेली अॅनिमेची डिस्क चालेल असं धरून चालू नका.

सध्या सर्वांत महागात पडणारी चूक स्विच २ ची. २०२५ मध्ये तो निघाला तेव्हा जपानमध्ये त्याचं एक मॉडेल ४९,९८० येनला होतं आणि दुसरं ६९,९८० येनला. स्वस्त मॉडेलमध्ये सिस्टमची भाषा फक्त जपानी, आणि त्याला फक्त जपान हा देश निवडलेलं खातंच जोडता येतं. टोकियोहून येणाऱ्या भावाला ‘तिकडे स्वस्त मिळतो, घेऊन ये’ असं सांगण्याआधी त्याला दोन मॉडेलमधला हा फरक कळवा. जपानी शिकणाऱ्याला स्वस्त मॉडेल कदाचित उत्तमच आहे. पण आईवडील आणि धाकटी भावंडंही खेळणार असतील तर दुसरंच घ्यायला सांगा.

विभाग बरोबर, तरी गेम चालत नाही?

अक्षर जुळतंय आणि गेम तरी दिसत नाही, तर त्याच विभागाचं दुसरं कार्ट्रिज घालून बघा. ते चाललं तर दोष पहिल्या कार्ट्रिजमध्ये आहे. त्याच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीतल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. दोन्ही कार्ट्रिज दिसली नाहीत तर मशीनचा स्लॉट तपासून घ्यावा लागेल.

आणि हे सगळं करण्याआधी पाच मिनिटं काढून तो गेम नंतर कुठे पुन्हा निघालाय का ते शोधा. माझा ‘दाइ ग्याकुतेन साइबान’ २०२१ मध्ये स्विच, पीएस४ आणि पीसीवर अधिकृत इंग्रजीत आला. मी तोपर्यंत जपानी ३डीएस घेऊन तो शब्दकोश मांडीवर ठेवून संपवला होता. ओसाकाचं ते कार्ट्रिज अजून माझ्याकडे आहे आणि आता ते एन५ करणाऱ्या माझ्या भाचीकडे जाणार आहे, मशीनसकट.